बाळाच्या औषधाला ‘चमचा’ हे माप नको

संपादक महोदय,

छिंदवाड्यात २०२५ साली विषारी कफ सिरपने लहान मुलं दगावली. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. तेव्हापासून माझ्या मेडिकलमध्ये आई-वडील बाटली फिरवून कंपनीचं नाव वाचतात. वाचायलाच हवं. पण औषध चांगलं असूनही माप चुकलं तर? हे मात्र कुणी विचारत नाही.

परवा एक आजी नातवासाठी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स न्यायला आल्या. बाळ सहा किलोचं. ‘‘मागच्या खेपेला अर्धा चमचा पाजलं होतं, तेवढंच देऊ ना?’’ मागच्या खेपेला नेलं होतं ते सिरप. त्याच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे अर्ध्या चमच्यात साधारण ६२. ड्रॉप्सच्या एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. अर्धा चमचा ड्रॉप्स म्हणजे थेट २५० मिलिग्रॅम! किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने त्या बाळाला एका वेळी ६० ते ९० पुरे. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असं घरोघरी समजतात. असतं नेमकं उलट. जास्त झालेलं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ०.८ मिली स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून ड्रॉपरवर तिथेच पेनाने रेघ मारून दिली.

पण ‘अर्धा चमचा तीनदा’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या रोज येतात. वजन नाही, ड्रॉप्स की सिरप तेही नाही. कुठे शून्य न लावता नुसतं .५ लिहितात; टिंब पुसट असलं की ते ५ वाचलं जातं. शिवाय तापाचं एक आणि सर्दीचं एक अशी दोन औषधं दिली, तर दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मी काहीच देत नाही, सरळ दवाखान्यात पाठवते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर बाळाचं वजन आणि डोस मिलीत लिहावा. कंपन्यांनी प्रत्येक बाटलीसोबत खुणांची सिरिंज द्यावी. अमेरिकेत २०११ मध्ये कंपन्यांनी बाळांचे जास्त तीव्रतेचे ड्रॉप्स बंद करून ५ मिलीत १६० मिलिग्रॅम ही एकच तीव्रता ठेवायचं ठरवलं. आपल्याकडे औषध नियंत्रकांनी तसा आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

– एक फार्मासिस्ट, बार्शी (जि. सोलापूर)