बांधकाम आधुनिक करायचं तर इंजिनीअर लोकांनी आधी एकमेकांना खरं सांगायला हवं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

बांधकाम क्षेत्रातल्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल हल्ली पेपरात बरंच छापून येतं आणि सिव्हिलवाला म्हणून ते वाचायला मला मनापासून आवडतं. अटल सेतूचंच बघा, २१.८ किलोमीटरचा पूल, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यात ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक, म्हणजे खालून पोलादी पट्ट्या जोडून ताठ केलेला पोलादी पत्र्याचा पृष्ठभाग, आपल्या देशात पहिल्यांदा वापरला. कोस्टल रोडचे बोगदे मलबार हिलच्या खालून 'मावळा' नावाच्या मशीननं काढले, त्याचा व्यास १२ मीटरच्या वर. बंगळुरूला २०२३ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगनं अख्खं पोस्ट ऑफिस उभं राहिलं. ही कामं आपल्याच इंजिनीअर लोकांनी केली आहेत आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण मी काम करतो तालुक्याच्या गावात, सातारा-सांगली पट्ट्यात, आणि आमच्याकडं बांधकाम म्हणजे कुणाचा दोन मजली बंगला, कुणाची गाळे आणि वर फ्लॅट अशी बिल्डिंग, सोसायटीचं गोडाऊन, झेडपीची शाळा, फार तर एखादं मंगल कार्यालय. राज्यातली बहुतेक माणसं राहतात ती अशाच बांधकामात. तिथं नवीन काही येत नाही असं नाही, उलट गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळंच बदललंय, वाळू बदलली, सिमेंट बदललं, विटांच्या जागी हलके एएसी ब्लॉक आले, मोठ्या गावात आरएमसीच्या म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या यायला लागल्या. माल नवीन आला पण तो वापरायचा कसा, त्यात फसायला कुठं होतं, हे ज्ञान मात्र मालाबरोबर आलं नाही, आणि ज्यांना ते ठेचा खाऊन कळलं त्यांनी ते दुसऱ्याला सांगितलं नाही. मला या पत्रात एवढंच म्हणायचंय, पण ते नीट पटावं म्हणून जरा खोलात जातो.

वाळूचं घ्या. नदीची वाळू आता परवडत नाही, मिळत नाही आणि नदीसाठी ती काढूही नये. २०२५ मध्ये राज्य सरकारनं एम-सँडचं, म्हणजे दगड फोडून बनवलेल्या वाळूचं, धोरण आणलं, सरकारी कामात तिला प्राधान्य द्यायचं ठरलं, हे अगदी योग्य झालं. पण एम-सँड म्हणून बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असते व्हीएसआय मशीनवर, म्हणजे दगड वेगानं आपटून फोडणाऱ्या यंत्रावर, बनवलेली, जिचा दाणा त्यातल्या त्यात गोल असतो आणि धूळ धुऊन किंवा हवेनं काढलेली असते. दुसरी म्हणजे खडी क्रशरच्या खाली उरलेली कच, चपटे टोकदार दाणे आणि भरपूर पावडर. दोन्ही आपल्या काळ्या पाषाणाचीच, दोन्ही ट्रॉलीत सारख्याच दिसतात, भावात मात्र फरक असतो, आणि मालक साहजिकच स्वस्त मागवतो.

आता स्लॅबच्या दिवशी काय होतं ते सांगतो. मिक्सर सुरू असतो, कच टाकलेला माल जाड येतो, घमेल्यातून सुटत नाही, वर बीमच्या जाळीत उतरत नाही, सेंट्रिंगवाला ओरडतो, मिस्त्री ओरडतो, लेबर उक्त्यावर असल्यामुळं त्यांना दुपारपर्यंत मोकळं व्हायचं असतं. मग मिक्सरवरचा माणूस काय करतो, तर आणखी एक बादली पाणी ओततो. एका ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी धरलेलं असतं म्हणजे पाणी-सिमेंटचा रेशो ०.५, त्यात १० लिटरची बादली गेली की तो झाला ०.७. माल मस्त वाहायला लागतो, सगळे खूश, आणि त्या स्लॅबची ताकद मात्र त्याच मिनिटाला गेलेली असते. यावर उपाय काही अवघड नाही, प्लास्टिसायझर नावाचं केमिकल योग्य प्रमाणात टाकलं तर पाणी न वाढवता माल मऊ होतो, किंवा मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं प्रमाण ठरवणं, करतानाच त्या वाळूतली पावडर धरून प्रमाण बसवता येतं. स्लम्प कोन, म्हणजे माल किती पातळ आहे ते मोजायचा साचा, लावून माल बघायला पाच मिनिटं लागतात. पण त्या दिवशी साइटवर तो कोनही नसतो आणि केमिकलचा कॅनही नसतो.

सिमेंटचंही तसंच झालंय. आमच्याकडं आता दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख घातलेलं. चांगलंच सिमेंट आहे ते, औष्णिक केंद्रांची राख सत्कारणी लागते, तडे कमी जातात, पुढं ताकदही भरपूर चढते, पण सुरुवातीला ते सावकाश चढतं आणि त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आपला काँक्रीटचा आयएस ४५६ कोड सांगतो की साध्या, राख नसलेल्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, असल्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, आणि जमलं तर १४ दिवसांपर्यंत वाढवा. आमच्याकडं सध्याचा रिवाज काय, तर स्लॅबवर आळी करून तीन-चार दिवस पाणी साठवायचं आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या, उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यायचं असलं की तेवढंही नाही. मिस्त्रीला दोष देऊन काय उपयोग, सिमेंट बदललं हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तो ज्या वयात काम शिकला तेव्हाचंच करतोय.

आणि इंजिनीअर काय करतो? क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, फेल आले की गपचूप निस्तरतो. मी एका कामावर बघितलंय, २८ दिवसांचे रिझल्ट कमी यायला लागले तेव्हा ठेकेदारानं लॅबला पाठवायचे क्यूब वेगळे, जादा सिमेंट घालून भरायला सुरुवात केली, साइटवरच्या पोरानं तक्रार केली तर त्यालाच दुसऱ्या कामावर हलवलं. हे मी नवीन सांगत नाही, धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण कुणी बोलत नाही, कारण बोललं की बिल अडकतं, पुढचं काम जातं, लायसनचा प्रश्न येतो, गावात नाव खराब होतं. त्यामुळं तीच चूक शेजारच्या तालुक्यात दुसरा इंजिनीअर पुढच्या महिन्यात पहिल्यापासून करतो, त्यानंतर तिसरा.

डॉक्टर लोकांत एखादी केस बिघडली तर निदान मोठ्या हॉस्पिटलात त्यावर बसून चर्चा होते. आमच्यात तशी जागाच नाही.

इंग्लंडमध्ये त्यांनी यावर एक चांगली वाट काढली आहे. २००५ पासून तिथं 'क्रॉस' नावाची व्यवस्था आहे, इंजिनीअरनं साइटवर काही धोक्याचं बघितलं, डिझाइनमध्ये चूक सापडली, काही पडता पडता वाचलं, तर तो गुप्तपणे कळवतो. कळवणाऱ्याचं नाव, जागेचं नाव, कंपनीचं नाव सगळं काढून टाकतात, जाणकार लोक त्यावर आपलं मत लिहितात आणि ते सगळ्यांना वाचायला खुलं करतात. दंड करणं, शिक्षा करणं हे त्यांचं काम नाही, दुसऱ्याला कळावं एवढाच हेतू. २०१८ मध्ये केंट भागात एका प्राथमिक शाळेचं छत शनिवार-रविवारच्या सुट्टीत पडलं म्हणून पोरं वाचली, ते छत आरएएसी नावाच्या हलक्या काँक्रीटच्या फळ्यांचं होतं. २०१९ मध्ये या लोकांनी सगळ्यांना सावध करणारी सूचना काढली, आणि पुढं २०२३ मध्ये शाळा उघडायच्या तोंडावर सरकारनं तसल्या कितीतरी इमारती बंद केल्या. उशीर झाला असं कुणी म्हणेल, पण एका शाळेचं छत पडलं ते देशभरच्या इंजिनीअरला कळलं ही केवढी मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आता हीच पद्धत सुरू झाली आहे.

आपल्याकडं काय होतं बघा. महाडजवळ सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन बस आणि त्यातली माणसं गेली. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग जुलै २०१८ मध्ये रुळावर कोसळला. पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल २०२५ च्या जूनमध्ये माणसांसकट इंद्रायणीत पडला. प्रत्येक वेळी चौकशी लागते, ऑडिटचे आदेश निघतात, चार दिवस पेपरात बातम्या येतात. पण नेमकं काय गंजलं होतं, पायाखालची माती किती वाहून गेली होती, आधी काय दिसायला हवं होतं, हे साध्या भाषेत चार पानांत लिहून जिल्ह्यातल्या प्रत्येक उपअभियंत्याच्या आणि माझ्यासारख्या खाजगी माणसाच्या हातात कधी पडत नाही. बरं, चांगलं काम झालं तरी तेच. नवा गोखले पूल आणि त्याला जोडायचा बर्फीवाला पूल यांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक पडला म्हणून सगळ्यांनी थट्टा केली, ती मीही वाचली, पण नंतर जॅक लावून उभ्या बर्फीवाला पुलाचा जोडाकडचा भाग इंच-इंच उचलून जोडला गेला आणि २०२४ च्या जुलैत वाहतूक सुरू झाली, हे काम किती नाजूक होतं! थट्टा घरोघरी पोचली, जॅक कसे लावले, तुळई उचलताना काय काय मोजलं, हे शिकायला आमच्यापर्यंत कुणी आलं नाही.

हे आपल्याला जमत नाही असं मात्र अजिबात नाही. किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी घरं झोपेतल्या माणसांवर पडली. त्यानंतरच्या पुनर्वसनात इंजिनीअर गावोगाव गेले, गवंड्यांना शिकवलं, भिंतीच्या आरपार जाणारे दगड कसे घालायचे, दारं-खिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, कोपरे कसे बांधायचे. इंजिनीअरनं मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून शिकवलं तर मिस्त्री शिकतो, त्याला कळतं, आणि तो ते दुसऱ्या साइटवर घेऊन जातो. मग एवढी माणसं गेल्यावरच का शिकवायचं?

आणखी एक मुद्दा जाता जाता. आर्किटेक्टसाठी १९७२ पासून कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी आहे. सिव्हिल इंजिनीअरसाठी देशात तसा कायदा नाही, प्रत्येक महापालिका-नगरपालिका आपापलं लायसन देते, एका गावात नाव काढून टाकलं तरी दुसऱ्या गावात सही चालते. कायदा व्हावा असं मला फार वाटतं, पण तो होईल तेव्हा होईल, तोवर हात बांधून बसायची गरज नाही.

आमच्या संघटना आहेत. जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सिव्हिलवाल्यांची असोसिएशन असते, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची केंद्रं आहेत, इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट आहे. १५ सप्टेंबरला अभियंता दिनी विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, एखाद्या सिमेंट किंवा स्टील कंपनीचं प्रेझेंटेशन होतं, जेवण होतं. ते असू दे, ओळखी त्यातूनच होतात. पण विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले, आणि तीच कल्पना पुढं ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर गेली, एका ठिकाणचं शहाणपण दुसरीकडं पोचलं. आमच्या असोसिएशननी वर्षातून एक संध्याकाळ तरी फक्त फसलेल्या कामांवर ठेवावी, कंपनीचा माणूस नको, बॅनर नको, दार लावून बसायचं आणि ज्याचा स्लॅब गळला त्यानं का गळला ते सांगायचं.

त्याहून मोठं काम कॉलेजांनी करावं. कराडचं गव्हर्नमेंट इंजिनीअरिंग आहे, सांगलीचं वालचंद आहे, पुण्याचं सीओईपी तर १८५४ पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. यांच्याकडं लॅब आहे, विषयातली माणसं आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांना कुणाचं बिल काढायचं नाही त्यामुळं लोक विश्वास ठेवतील. एखाद्या कॉलेजनं आपल्या दोन-तीन जिल्ह्यांपुरतं सुरू करावं, इंजिनीअरनं, सुपरवायझरनं, मिस्त्रीनं सुद्धा मराठीत लिहून किंवा फोनवर सांगून कळवावं, नावं गाव सगळं झाकावं, प्राध्यापकांनी आणि दोन अनुभवी स्ट्रक्चरलवाल्यांनी तपासून तीन महिन्यांनी एक पत्रक काढावं. पहिलं पत्रक एम-सँडवरच असावं, आपल्या भागातल्या क्रशरची वाळू घेतली तर पाणी किती, केमिकल किती, क्यूब किती आले. हा आकडा आज माझ्याकडं माझ्या कामापुरता आहे, शेजारच्याकडं त्याच्या कामापुरता, एकत्र कुणाकडंच नाही. माझ्याकडचे सगळे क्यूब रिपोर्ट, फेल गेलेल्यांसकट, मी द्यायला तयार आहे.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुमच्याकडंही. असं पत्रक निघालं तर त्यातला एखादा मुद्दा महिन्यातून एकदा पेपरात छापायला जागा द्या, तांत्रिक नको, घर बांधणाऱ्या माणसाला कळेल असा. स्लॅबच्या दिवशी घरमालक स्वतः साइटवर उभा असतो, मिक्सरवर जादा बादली ओतताना त्यानं हात धरला तर माझ्या दहा लेखी सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आपला,
एक सिव्हिल इंजिनीअर
कराड, जि. सातारा