सतरा वादकांसाठी खानदेशकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या पौष महिन्यात मुंबईतील एका व्यावसायिक चेंबर ऑर्केस्ट्राला, म्हणजे मोजक्या वादकांच्या वाद्यवृंदाला, जळगावात आणण्याचे आमच्या संगीत मंडळाने ठरवले आहे. पैशाचे बळ अपुरे असल्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील रसिकांपुढे हे निवेदन ठेवत आहोत.

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की आपल्याकडे गणेशोत्सवातील सिनेगीतांची रात्र, मध्येच नकला करणारा निवेदक आणि शेवटी फर्माइशी असे चित्र उभे राहते. त्या रात्रींबद्दल आमची काहीच तक्रार नाही, आम्हीही त्यांवरच वाढलो. मात्र येथे बोलावायचा आहे तो वाद्यवृंद वेगळा आहे. त्यात गायक नाही, ढोल नाही आणि मायक्रोफोनही नाही. नऊ व्हायोलिन, त्यांचीच क्रमाने मोठी होत जाणारी भावंडे म्हणजे तीन व्हायोला, तीन सेलो व एक डबल बेस, आणि हार्प्सिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या कळवाद्याची बाजू सांभाळणारा एक कीबोर्ड असे एकूण सतरा वादक असतील, आणि त्यांच्यापुढे हातात काठी घेऊन उभा राहणारा संचालकही नसेल.

संचालक नसताना सतरा जण एका क्षणी सुरू कसे होतात, हे आम्ही मुंबईला त्यांच्या तालमीत अगदी जवळून पाहिले. पहिल्या खुर्चीवरील व्हायोलिनवादक बाईंनी गज किंचित उचलला, नाकाने श्वास घेतला, आणि तो श्वास खोलीतल्या प्रत्येकाने घेतल्यासारखा वाटला. पुढच्याच क्षणी सूर आला. दोघांत स्वरलिपीचा एक स्टँड असतो. पान संपले की आतल्या बाजूचा वादक वाजवणे सोडून ते उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. केवळ आठ मात्रांच्या एका जागेसाठी त्यांनी पाऊण तास घालवला. सेलोचा आवाज व्हायोलाला झाकतो आहे, असे मागच्या रांगेतील सर्वांत तरुण मुलाने सांगितले आणि ज्येष्ठांनी ते निमूटपणे मान्य केले.

या प्रकारच्या वाद्यवृंदांचा जगभरातील लौकिक अशाच कामावर उभा आहे. लंडनच्या एका चर्चमध्ये नेव्हिल मॅरिनर यांनी १९५८ च्या सुमारास काही वादक जमवून ‘अकादमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स’ सुरू केली, तेव्हा तेही स्वतः व्हायोलिन वाजवतच वृंद सांभाळत असत. न्यूयॉर्कचा ‘ऑर्फियस’ १९७२ पासून संचालकाविना वाजवतो आणि प्रत्येक रचनेला पुढाकार घेणारा वादक बदलतो. आपल्याकडे मुंबईत २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला आणि पगारी वादकांची परंपरा येथेही रुजू लागली. हे सारे मुंबईपर्यंत आले. तेथून जळगाव रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे, आणि तेवढे अंतर मात्र अजून कापले गेलेले नाही.

कार्यक्रमात इटालियन संगीतकार विवाल्डी यांच्या १७२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऋतूंवरील चार रचना असतील. त्यांतील उन्हाळ्याची सुरुवात रखरखीत उन्हात माणसे आणि गुरे गळून पडल्याच्या वर्णनाने होते आणि शेवट गारपिटीच्या वादळात. मे महिन्यात जळगावात राहिलेल्या आणि रावेर-यावलकडे वादळात आडवी झालेली केळीची बाग पाहिलेल्या श्रोत्याला यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही.

पौष निवडण्यास कारण आहे. या महिन्यात लग्ने नसतात, म्हणून आपल्या गावोगावचे बँडवाले मोकळे असतात. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट हातात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या वरातीपुढे चालणारी ही मंडळी आमच्या मते या कार्यक्रमाचे पहिले हक्कदार श्रोते आहेत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी आणि शाळकरी मुलांसाठी वादक दोन तास विनामूल्य देणार आहेत.

मानधन मात्र आम्ही पूर्ण देणार आहोत. ‘कलेच्या सेवेसाठी थोडे कमी करा’ असे म्हणणे आपल्याकडे रूढ आहे, पण रोज पाच-सहा तास रियाज करणाऱ्या माणसाचे घरभाडे सेवेतून फिटत नाही. म्हणून एका दात्याने किंवा चार-पाच स्नेह्यांनी मिळून एका वादकाचे मानधन, प्रवास व निवास यांचा भार उचलावा, अशी विनंती आहे. सेलोला रेल्वेत स्वतंत्र बर्थ घ्यावा लागतो. डबल बेससाठी बंद गाडी हवी. केळी पोहोचवून मुंबईहून परतणाऱ्या ट्रकची सूचना आम्हाला तीन सद्‌गृहस्थांनी केली आहे, तिच्याबद्दल आभार, पण ते वाद्य तसे येऊ शकत नाही.

ज्यांना रोख रक्कम देणे शक्य नाही त्यांनी बिनहाताच्या सोळा खुर्च्या, डबल बेसवाल्यासाठी एक उंच स्टूल, दोन दिवसांचे जेवण किंवा घरातील एक खोली द्यावी. खोलीत कूलर वा हीटर नको, पाण्याचे पसरट भांडे मात्र ठेवावे. मुंबईच्या दमट हवेतील लाकूड आपल्या कोरड्या थंडीत आकसते, खुंट्या सैल होतात आणि कधी वाद्याला तडाही जातो.

मागे चार वादकांचा छोटा कार्यक्रम केला, तेव्हा जनरेटर खिडकीला लागून ठेवल्यामुळे हळुवार भाग कोणालाच ऐकू आला नाही. ती चूक सर्वस्वी आमची होती. या वेळी जनरेटर रस्त्यापलीकडे राहील, पंखे बंद असतील, आणि लांब केबलचे भाडे खर्चाच्या यादीत धरले आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत कार्तिक पौर्णिमेपर्यंत स्वीकारली जाईल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लावला जाईल. ठरलेल्या तारखेपर्यंत सतरापैकी बारा वादकांचा भार उचलला गेला नाही, तर कार्यक्रम रद्द करून रक्कम परत केली जाईल. पुढच्या दोन रांगा बँडवाल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. कितीही मोठी देणगी आली तरी त्या दिल्या जाणार नाहीत.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद