एका घासात चार संस्था

सोलापूर,
८ मार्च

प्रिय सुध्या,

पत्र पोचलं. पोरगी 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' हे झोपेतही म्हणते, पण पुढचा प्रश्न विचारला की गप्प बसते, असं लिहिलंस. तिचं काही चुकत नाही बे. गाईडं तशी, पेपरही तसेच. मी वर्गात जीवशास्त्राची उजळणी व्याख्यांपासून काढतच नाही. एका घासापासून काढतो.

इथं घास म्हणजे अर्थात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी चघळत राहिलं की गोडसर लागते, कारण लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करायला लागतं. पुरावा तोंडातच! जठरात आम्ल, तिथं शेंगदाण्याची प्रथिनं तुटायला लागतात. आणि तेल? मुलं 'पित्तरस' म्हणतात. तो तयार कुठं होतो म्हटलं की निम्मा वर्ग 'पित्ताशय' ओरडतो. तयार होतो यकृतात, पित्ताशयात नुसता साठतो. शिवाय त्यात विकर, म्हणजे अन्न तोडणारं एन्झाइम, नसतंच. तो तेलाचे बारीक थेंब करून देतो, तोडायचं काम स्वादुपिंडाच्या लायपेजचं. मग सुमारे सहा मीटरच्या लहान आतड्यात शोषण.

आता तिला विचार, साखर पुढं कुठं गेली? रक्तातून आधी यकृताकडे, मग हृदयाच्या उजव्या बाजूला, फुफ्फुसांत, परत डाव्या बाजूला आणि तिथून मांडीच्या स्नायूपेशीत. पेशीद्रव्यात ग्लुकोजचे तुकडे पडतात, पुढचं काम फुफ्फुसांतून आलेल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तंतुकणिकेत होतं. तिच्या त्या पाठ वाक्याला इथं कुठं जीव येतो. कार्बन डायऑक्साइड परत फुफ्फुसांकडे, प्रथिनांतून यकृतात बनलेला युरिया वृक्कांकडे, म्हणजे मूत्रपिंडांकडे. पचन, अभिसरण, श्वसन, उत्सर्जन, एका घासात चारही संस्था झाल्या.

वृक्कांवर मी जरा रेंगाळतो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर गाळतात, लघवी होते दीड लीटरच्या आसपास. बाकीचं पाणी परत रक्तात. आपल्या उन्हात घामच इतका जातो की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एडीएच हे पाणी राखायला लावणारं संप्रेरक जास्त सुटतं, वृक्कं आणखी पाणी राखतात आणि लघवी गडद होते. मागच्या बाकावर खीखी होते, होऊ दे, विसरत तरी नाहीत. चेतासंस्थेला मी फार वेळ देत नाही. तव्यावरून हात निघतो तो पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूच्या हुकमानं, चटक्याचं मेंदूला नंतर कळतं. एवढं समजलं की प्रतिक्षिप्त क्रिया झाली.

सूक्ष्मदर्शकाच्या धड्याला मात्र आमच्या विणकरांच्या पूर्व भागातली पोरं कान टवकारतात. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेव्हेनहूक मुळात कापडाचा व्यापारी. धागे तपासायला भिंग वापरायचं हे त्या धंद्यातलंच. पुढं स्वतः भिंगं घासून त्यानं १६७० च्या दशकात तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले. ज्याचा बाप टॉवेलच्या कारखान्यात आहे ते पोरगं हे ऐकून सरळ बसतं. त्याआधी, १६६५ साली, रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात कप्पे पाहिले होते, पण ते मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती.

कांदा घरीच सोलायला लाव. वरचं टरफल नको, मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा हवा. पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा थेंब, आणि आच्छादक काच एका कडेनं टेकवून सुईनं हळूहळू खाली सोडायची. धपकन टाकली की बुडबुडे अडकतात, गोल आणि काळ्या जाड कडेचे. दर वर्षी कोणीतरी त्यांनाच पेशी समजून वहीत उतरवतं, वर मध्ये केंद्रकही काढतं! खऱ्या पेशी लांबट, एकमेकींना चिकटलेल्या. केंद्रक एका कडेला सरकलेलं, कारण मधली जागा रिक्तिकेनं, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीनं, बळकावलेली. हरितलवकं, म्हणजे पानातले हिरवे कण, शोधू नको म्हणावं, कांदा मातीखाली वाढतो. आधी कमी वर्धनाचं भिंग, मगच मोठं. काचपट्टी डावीकडे सरकवली की दृश्य उजवीकडे पळतं, त्याला घाबरायचं नाही.

आकृती पेन्सिलनं, छटा न देता. दहाची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) आणि चाळीसचं वस्तुभिंग (काचपट्टीकडचं) असेल तर खाली ४०० पट लिहायचं, हे बहुतेक मुलं विसरतात. गालाच्या पेशींना मिथिलीन ब्लू लागेल. तिकडे मिळालं नाही तर कळव, कोणी येणार असेल त्याच्याबरोबर बाटली पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या