डबा परत द्यायचाय

भिवंडी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. पाडव्याला आलेला मुलगा ईदच्या दुसऱ्या दिवशी न सांगता पहाटेची एसटी धरतो, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. हात उचलला ते माझं चुकलंच. आप्पांनी माझ्यावर कधी उचलला नाही. पण रशीदभाई दारात उभे असताना शीरखुर्म्याची वाटी सारलीस आणि "यांच्या घरचं नको" म्हणालास. तुला डेंग्यू झाला तेव्हा रात्री दोनला ठाण्याला त्यांचाच टेम्पो निघाला होता.

मग म्हणालास, कल्याणची पोरं आयसिसकडे गेली, ती कोण होती? गेली, २०१४ मध्ये, चारजण. शिकणारी, तुझ्याएवढीच. घरी कळलं ते ती गेल्यावर. चौघं गेले म्हणून अख्खं कल्याण गेलं का रे? ती बातमी वाचताना तू शेजारी झोपला होतास आणि मला त्यांच्या बापांचाच विचार येत राहिला. आता तुमच्या ग्रुपवरचा तो 'दादा' रात्री बारानंतर व्हिडिओ टाकतो. कोण आहे तो? विचारणार नव्हतो.

१९८४ च्या दंगलीत मी सतरा वर्षांचा. आपले माग कोणी जाळले ते आप्पांना ठाऊक होतं. ते त्या माणसाचं नाव घ्यायचे, 'ते लोक' कधी म्हणाले नाहीत. पुढे १९८८ ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले, मोहल्ला समित्या निघाल्या. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं, आणि विषय काय, तर तुंबलेलं गटार, नाहीतर मिरवणुकीचा रस्ता. मला तेव्हा हसू यायचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. एका रात्री मंदिर फोडल्याची आवई उठली, तर आप्पा आणि रशीदभाईंचे वडील बॅटरी घेऊन स्वतः बघून आले. पायरीवर कुत्रं झोपलं होतं, बस्स. तूही आधी बघून येत जा रे, मोबाइलवर काय वाट्टेल ते येतं.

झालं लेक्चर सुरू. राग मानू नकोस. तुला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला होता. पहिला पेढा आपल्या जॉबरला, अन्सारीला. रडला होता तो.

रशीदभाईंचा डबा अजून आपल्याकडेच आहे. आई म्हणते रिकामा कसा द्यायचा, अक्षय्य तृतीयेला आमरस भरून देऊ. तू नेऊन दिलास तर बरं. कधी येतोस ते कळव.

आणि तो दादा पोटापाण्याला काय करतो, ते एकदा विचार.

तुझा,
बाबा