अर्धा इंची पाइप, सात फुटांवरची टाकी आणि ‘घरात कोणी जेंट्स आहेत का?’

दिनांक: 14 मे 2025
मानेवाडा, नागपूर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक सल्ला विभाग

विषय: तुमच्या ‘मोफत पाइप साइझ सल्ल्या’मुळे वरच्या माळ्यावरचा शॉवर न चालणे, आणि त्यावर सात फोनांत मिळालेली उत्तरे

महोदय,

काल दुपारी 3 वाजून 10 मिनिटांनी केलेला फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

फेब्रुवारीत आम्ही वरचा माळा बांधायला काढला. इतवारीतल्या दुकानात पाइप घ्यायला गेले तर तुमचा फॉर्म हातात पडला. घराची माहिती भरा, कोणत्या लाइनला किती इंची पाइप लागेल ते कंपनीचे तज्ज्ञ मोफत सांगतील. भरला. त्यात बाथरूम किती, तोट्या किती, माणसं किती, व्हॉट्सॲप नंबर आणि माझा वाढदिवस विचारला होता. टाकी तोटीच्या किती वर आहे, हे विचारलं नव्हतं. टाकीपासून बाथरूम किती लांब, तेही नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा एप्रिलमध्ये वेळेवर पोचल्या. शॉवर तोवर बंद पडला होता.

आठ दिवसांत तुमचा शिक्का असलेला नकाशा आला. टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत 40 फूट लाइन, सगळी अर्धा इंची. त्याच लाइनवर गॅलरीतल्या कूलरची तोटी.

आमच्या मिस्त्रीने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “बाई, वरच्या माळ्याले पाऊन इंचीच लागते जी. हाप इंची फक्त तोटीपाशी उतरवा.” मी त्याला म्हटलं, कंपनीच्या इंजिनिअरने काढलंय, तेच कर. 26 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि शिक्का पाहून गप्प बसले. यात माझीही चूक आहे, ती मान्य. त्याने नकाशाप्रमाणे पाइप टाकला, टाइल बसल्या. पहिल्याच दिवशी शॉवरखाली 15 लिटरची बादली भरायला 6 मिनिटं लागली, तेव्हा तो माणूस एक शब्द बोलला नाही. नुसता टाइलवरचं वाळलेलं सिमेंट नखाने खरवडत उभा राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाइप तुमचा आहे, तेव्हा ओळख करून देत नाही. फक्त हिशेब मांडते. गच्चीवर टाकीचा स्टँड 4 फूट. शॉवर फरशीपासून 7 फुटांवर. स्लॅबचा वरचा भाग 10 फुटांवर. म्हणजे टाकीचा तळ शॉवरच्या फक्त 7 फूट वर. 10 मीटर पाण्याचा दाब साधारण 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला), तर 7 फुटांचा 0.2 किलो. टाकी काठोकाठ भरलेली असली तर थोडा जास्त, एवढंच. घरात पाण्याला ढकलणारी दुसरी शक्ती नाही.

तुमच्या एसडीआर 11 (म्हणजे भिंतीची जाडी बाहेरच्या व्यासाच्या अकराव्या भागाएवढी) अर्धा इंचीचं आतलं भोक साडेबारा मिमीच्या आसपास, पाऊण इंचीचं अठरा मिमी. शॉवरला मिनिटाला 9 लिटर पाणी द्यायचं म्हटलं, तर 40 फूट अर्धा इंचीत घासण्यातच 6 फुटांचा दाब खर्च होतो. हातात होते 7. राहिलेल्या एका फुटात 9 एल्बो (वळणावरचे जोड) आणि वॉल मिक्सर (गार-गरम पाणी मिसळणारी तोटी) बसवायचा, आणि प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी फूट-दीड फूट पाइप टाकल्यासारखं. तेच पाणी पाऊण इंचीतून न्या, त्याच 40 फुटांत फक्त 1 फूट खर्च होतो. भोक दीडपटही वाढत नाही आणि घर्षण सहापट कमी होतं. ही माझी अक्कल नाही, पाइपात घर्षणाने दाब किती घटतो त्याचं जुनं सूत्र आहे. तुमच्या तांत्रिक विभागात कुणाकडे तरी असेलच. त्यात कूलरची तोटी उघडली की त्याच पाइपातून दुप्पट पाणी ओढलं जाऊ पाहतं, म्हणजे घर्षणात जाणारा दाब साडेतीनपटीच्या वर. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी कूलर भरायचा नाही तर कधी भरायचा? कूलर भरायला लागला की शॉवरमधून चार थेंब येतात आणि नंतर नुसती हवा.

प्रेशरच्या लाइनवर, पंप लावलेल्या इमारतीत, किंवा टाकी चार मजले वर असेल तर अर्धा इंची चालेल. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टाकीच्या लगेच खालचा मजला हा सगळ्यात अडचणीचा मजला असतो, आणि तुमचा फॉर्म नेमकं तेच विचारत नाही.

आता कालचा फोन. तो तुम्ही नीट वाचावा.

तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, “मॅडम, तोटी पूर्ण उघडली का?” मी म्हटलं, उघडली. “टाकीत पाणी आहे का?” आहे. “मेन व्हॉल्व्ह?” उघडा आहे. मग मी टाकीच्या उंचीचं सांगायला लागले, तर तो म्हणाला, “मॅडम, काळजी करू नका, आमचा पाइप 28 किलोचं प्रेशर देतो.”

मी विचारलं, “देतो?”

“हो मॅडम. अठ्ठावीस.”

मी म्हटलं, “अहो, पाइप प्रेशर देत नाही. सोसतो. 28 किलोपर्यंत सोसेल असं त्यावर लिहिलेलं असतं, तेही पाणी गार असेल तर. माझ्याकडे दाब आहे 0.2 किलो. तुमचा पाइप माझ्या भिंतीत निवांत झोपला आहे.”

यावर थोडा वेळ शांतता. मागे दुसऱ्या कुणाच्या हसण्याचा आवाज आला, तो माझ्यावर होता की त्यांच्या डब्यावर, ते माहीत नाही. मग तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, हे टेक्निकल आहे. घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या न.”

आहेत. हे तेव्हा बैठकीत कूलरची वाळ्याची ताटी शिवत बसले होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यात एक वॉशर बदललेलं नाही. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला. तुमचा प्रतिनिधी त्यांना म्हणाला, “सर, आमचा पाइप 28 किलोचं प्रेशर देतो.” हे म्हणाले, “बरं.” तो म्हणाला, “सर, तुम्हाला प्रेशर पंप बसवावा लागेल. आमचाच आहे, साडेनऊ हजारांत.” हे म्हणाले, “भाऊ, मला यातलं ओ का ठो कळत नाही. बाईलाच विचारा, तीच मघापासून सांगून राहिली.”

फोन कट झाला. तिकडून.

म्हणजे चुकीचा पाइप तुम्ही सांगायचा, आणि त्याचा इलाज म्हणून पंपही तुम्हीच विकायचा. पंप बसवला तर पाणी येईल, नाही म्हणत नाही. पण 7 फुटांवर टाकी असलेल्या घरात आंघोळीसाठी पंप, आणि वीज गेली की साबण लावून बसा.

याआधीच्या सहा फोनांत एकदा ‘पाइप गळत नसल्यामुळे तक्रार वॉरंटीत बसत नाही’ असं सांगण्यात आलं. बरोबर आहे, गळत नाही. पाणी आलं तर गळेल. ‘50 वर्षं टिकतो’ असं तुमच्या पुस्तिकेत छापलंय, त्याचीच आता धास्ती वाटते. दुसऱ्या एकाने सांगितलं की ग्राहकाने टाकीची उंची कळवायला हवी होती. कुठे? फॉर्मवर जागा कुठे आहे? वाढदिवसाच्या रकान्यात लिहायची होती का?

वाईट याचं वाटतं की खालचं घर 2009 साली बांधलं तेव्हाही पाइप तुमचाच घेतला होता. तेव्हा फॉर्म नव्हता. याच मिस्त्रीने आपल्या डोक्याने पाऊण इंची टाकला, आणि खालची धार आजही अशी आहे की तोटी जपून उघडावी लागते. त्या भरवशावर वर्ध्याच्या नणंदेलाही मी तुमचंच नाव सांगितलं होतं. तिचं काम अजून सुरू व्हायचं आहे. परवा फोन करून सांगितलं, पाइप कोणाचाही घे, फॉर्म भरू नको.

आता काम काय ते. बाथरूमची एक भिंत आणि गॅलरीतला पट्टा फोडून 40 फूट लाइन पाऊण इंचीची करायची, कूलरची तोटी वेगळी काढायची, परत टाइल बसवायच्या. मिस्त्रीने अंदाज दिला आहे 31,600 रुपये. जादा टाइल आठच उरल्या आहेत आणि त्या लॉटच्या आता मिळत नाहीत, तो रंगफरक आम्ही सोसू, तुमच्या पाइपसारखा. 31,600 मात्र तुम्ही द्यायचे. शिवाय तो नकाशा चुकला होता हे लेखी द्यायचं, आणि फॉर्मवर टाकीची उंची आणि लाइनची लांबी असे दोन रकाने वाढवायचे. वाढदिवसाचा काढला तरी चालेल.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते, आणि माझ्याएवढ्या रकमेला फीही लागत नाही. शिक्क्याचा नकाशा, बिलं, सातही फोनांच्या तारखा आणि बादलीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. व्हिडिओ 6 मिनिटांचा आहे, बसून बघावा लागेल.

आपली ग्राहक

ता. क. फोन केलात तर माझ्याशीच बोलावं लागेल. घरातल्या जेंट्सनी तो घेणार नाही असं सांगून ठेवलं आहे.