आमची मूळ प्रमाणपत्रं एचआरच्या कपाटात का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. हॉस्पिटल आधी एका डॉक्टरांचं होतं, आता कंपनीचं आहे. नाव लिहीत नाही, कारण एक तारखेला पगार व्हायला हवा.

पगाराबद्दल थोडक्यात. खासगी नर्सच्या पगारासाठी समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 ला सांगितलं. समितीने 200 हून जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतका आणि 50 खाटांच्या आतल्या हॉस्पिटलातही किमान 20,000 रुपये पगार सुचवला. आमच्या वॉर्डापर्यंत यातलं काही आलेलं नाही. पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, जिला सरकारचा एक रुपयाही लागणार नाही.

रुजू होताना एचआरने जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमा कोर्सच्या) मार्कशीट, डिप्लोमा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, सगळं मूळ, 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून ठेवून घेतलं. पोच दिली नाही. वर स्टॅम्पपेपरवर बाँड. कागद परत मागितले की उत्तर ठरलेलं: बाँड पुरा करा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार भरून न्या. माझ्याबरोबरच्या एका मुलीला सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीला बोलावलं होतं. एचआरने मूळ कागद एका दिवसासाठीही दिले नाहीत. ती झेरॉक्स घेऊन गेली आणि तशीच परत आली. त्याच रात्री नाइटला होती, आल्या आल्या इन्सुलिनची ट्रॉली घेऊन बेड एकपासून सुरू.

डॉक्टरांच्या काळात सगळं छान होतं असं नाही. पगार पाकिटातून मिळायचा, पीएफचं नाव नव्हतं. कंपनीने पीएफ सुरू केला, पगार खात्यावर येतो, हे मान्यच करायला हवं. पण तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन भांडता तरी यायचं. आता एचआरवाला म्हणतो, 'पॉलिसी वरून आलीय.' वर म्हणजे कुठे, ते त्या बिचाऱ्यालाही सांगता येत नाही.

कंपनीबरोबर अंगठ्याचं मशीनही आलं. सकाळी आठला नाइट सुटते. उशिरा अंगठा लागला तर ओव्हरटाइम दिसतो, म्हणून आधी अंगठा, मग ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नर्सला पेशंटची माहिती देणं. आयसीयूत बेडगणिक कुठली ड्रिप किती रेटने चालू आहे, लघवी किती झाली, कुठलं इंजेक्शन राहिलंय हे सांगून मोकळं व्हायला बराच वेळ जातो. त्यात जत-अथणीकडचा कानडी बोलणारा नातेवाईक मध्येच थांबवून विचारतो, त्यालाही समजावायचं. हा सगळा वेळ मशीनच्या हिशेबात आम्ही घरी असतो. अशी नोकरी सोडावी म्हटलं, तर पुन्हा ते कपाट आडवं येतं.

आता तुमच्या खात्याचा संबंध. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली हॉस्पिटलची नोंदणी होते, आमच्याकडे ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे. त्यासाठी नर्सिंग स्टाफची यादी आणि प्रमाणपत्रं दाखवावी लागतात. आमच्याकडे तपासणी झाली तेव्हा तीच फाइल टेबलावर आली. साहेबांनी मूळ कागद बघितले, समाधानाने मान हलवली, चहा घेतला. हे कागद त्या मुलींकडे असायला हवेत, इथे कसे, हे काही विचारलं नाही.

1894 पासूनच्या मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेचं नाव झालं. बाहेरगावच्या मुली त्याच नावावर इथे नोकरीला येतात.

म्हणून मागणी एवढीच: नोंदणी आणि नूतनीकरणाच्या वेळी साक्षांकित प्रतीच स्वीकाराव्यात. प्रत्येक नर्सकडून 'माझी मूळ प्रमाणपत्रं माझ्याजवळ आहेत' असं सहीनिशी घ्यावं, आणि ती सही एचआरच्या समोर नको. यासाठी नवा कायदा लागत नाही, तुमच्या खात्याचं एक परिपत्रक पुरेल. ते निघालं तर त्याची प्रत हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर लावणं बंधनकारक करा, नाहीतर आम्हाला ते कळणारच नाही.

आपली,
एक स्टाफ नर्स, मिरज