काकू, तुमचं लुगडं परत करायचं राहिलं

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं नाव मला माहीत नाही. अकरा दिवस तुमच्या घरी राहिले, जेवले, तुमच्या अंथरुणात झोपले, तरी कधी विचारलं नाही. तुम्हीही माझं विचारलं नाही. वाड्यात सगळे तुम्हाला काकू म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. आता तुम्ही नसालच. मीच ऐंशी ओलांडली. पण नातीने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलंय, तर म्हटलं हे एकदा लिहून टाकावं. तुमच्या घरचं कुणी वाचेल, न वाचेल.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी १९ वर्षांची, पुण्यात नारायण पेठेत नदीच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. आई धाकट्याला घेऊन मामाकडे गेलेली, वडील पहाटेच खडकीला कारखान्यात. सकाळी पानशेतचं धरण फुटल्याची आवई उठली तेव्हा लोक पळाले नाहीत, नदी बघायला गेले! मीही गेले. धरणाचं बांधकाम अजून चालू होतं, पहिल्याच पावसाळ्यात ते जाईल हे कुणाच्या मनातही नव्हतं. दुपारपर्यंत त्याच्या खालचं खडकवासला धरणही गेलं. कमरेएवढ्या पाण्यातून चढाच्या दिशेने कशी आले ते तुकड्यातुकड्यानेच आठवतं. अंधारात सदाशिव पेठेत तुमच्या वाड्याच्या दिंडीच्या उंबऱ्यावर बसले होते. तुम्ही कंदील वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "नारायण पेठ." झालं. तेच माझं नाव पडलं.

दोन तांबे पाणी दिलंत अंगावर घ्यायला, तिसरा मागितला तर नाही म्हणालात. आणि तुमचं हिरवं इरकली लुगडं. मला नऊवारी नेसता येत नव्हतं. तुम्ही चिडचिडत नेसवलंत, कासोटा इतका घट्ट खोचलात की रात्रभर वळता येईना.

गुरुवारी घर बघायला गेले. घर नव्हतंच. मातीच्या भिंती बसल्या होत्या, वर छातीभर गाळ. रॉकेल, कुजकं धान्य, मेलेली म्हैस, असा एक मिश्र वास. तो अजूनही कधीतरी पहिल्या पावसात मला येतो, बाकी कुणाला येत नाही. परतताना रस्त्यावर एकदम आरोळी उठली, "पाणी आलं! पळा!" माणसं पर्वतीकडे धावत सुटली, चपला तिथेच. मी तुमच्या दारात आले आणि तिथे माझे पायच हलेनात. तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत होतात. मानही वर न करता म्हणालात, "दोन्ही धरणं गेली. पाणी येणार कुठून?"

काकू, एवढ्या मोठ्या शहरात त्या दिवशी हिशेब करणारी एकटी तुम्ही भेटलात.

पण आभार मानायचे ते याचे नाहीत, जेवणाचेही नाहीत. शहराचं पाणी खडकवासल्याचं, त्यामुळे नळ कोरडे. वीज नाही. वर्षानुवर्षं कुणी न विचारलेले पेठांतले जुने आड एकदम सोन्याचे झाले. तुमच्या वाड्यातला त्यातलाच. शुक्रवारी पहाटे मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, घर बघून आल्यापासून तशीच. वडिलांचा पत्ता नव्हता, पूल बंद होते. तुम्ही पांघरूण ओढलंत आणि हातात पोहरा दिलात. "ए नारायण पेठ, ऊठ. बाहेर रांग लागलीय."

मी ओढत राहिले. सुंभाने तळहात सोलले, तुम्ही हळद-तेल लावून चिंध्या बांधल्यात आणि परत उभं केलंत. माणशी एक कळशी, बाळंतीण असेल त्या घरी दोन. पाण्यात तुरटी फिरवायची, धोतराच्या चौपदरी घडीतून गाळायचं, वर उकळायचं. रांगेला तुमचा नियम: "बोलायचं नाही, बोलताना पाणी सांडतं." (जगबुडी झाली तरी सदाशिव पेठ ती सदाशिव पेठच.) लस टोचायला आले तेव्हा मला हात पुढे करायलाही फुरसत नव्हती, तुम्हीच दंड धरलात. रविवारी कधीतरी लक्षात आलं की सकाळपासून मी रडलेले नाही.

पाचव्या दिवशी वडील त्याच रांगेत सापडले. कळशी घेऊन उभे होते, मला ओळखलंच नाही. नऊवारीत कधी पाहिलं नव्हतं ना. पुढचे सहा दिवस तुम्ही त्यांनाही ओसरीवर ठेवून घेतलंत.

मग आम्ही पूरग्रस्तांच्या पत्र्याच्या निसेन हटमध्ये गेलो, पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या. येईन येईन म्हणता १४ वर्षं गेली. आले तेव्हा वाड्याच्या जागी चार मजली इमारत, आड बुजवून त्यावर स्कूटरी लावलेल्या. खाली विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं. चूक माझी.

लुगडं मात्र आता परत मिळणार नाही. त्याची गोधडी शिवली. माझी दोन्ही मुलं आणि ही टाइपिंगवाली नात तिच्यातच वाढली. काठ तेवढा अजून शाबूत आहे.

आपली,
नारायण पेठ